वीस हजारांची रेघ

ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो आणि त्याच सुमाराला माझ्या मामांच्या दवाखान्यात तापाचे पेशंट बाकावर मावेनासे होतात. टायरं, कुंड्या, गच्चीवरची उघडी पिंपं, सगळीकडे पावसाचं पाणी साचलेलं असतं. यंदा रथाला आम्ही दोघं भावंडं गेलो होतो. मी साताऱ्याहून, ताई मुंबईहून. ताई कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्यांवर काम करते. मामांनी अडतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच लाकडी टेबलामागे बसून दवाखाना चालवला आहे. दोघांचा एकमेकांवर फार जीव, आणि औषधाचा विषय निघाला की दोघांचं पटत नाही.

रथाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाप लॅबचा कागद हातात घेऊन आला. सोळा वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर बसून पाण्यात बुडवून बिस्किट खात होता. डेंग्यूचा ताप कालच उतरला होता. कागदावर एका आकड्याभोवती निळ्या पेनानं गोल केला होता : १९,०००.

“डॉक्टर, पांढऱ्या पेशी एकोणीस हजारांवर आल्यात. रक्तपेढीत माणूस पाठवू का?”

आपल्याकडे सगळे असंच म्हणतात. खरं तर पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. बापाला म्हणायचं होतं प्लेटलेट. पुस्तकी मराठीत बिंबिका. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटून पडलेले बारीक तुकडे ते. त्यांना केंद्रक नाही, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. रक्तवाहिनीला भोक पडलं की ते धावत जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीक थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, ते दीड ते साडेचार लाख असतात.

मामांनी मुलाला तपासलं, सांगलीला ॲडमिट करायला सांगितलं, आणि चिठ्ठीवर शेवटची ओळ लिहिली : प्लेटलेटची सोय करावी. बाप गेला. ताई तोवर गप्प होती.

ताई : मामा, सांगलीला पाठवलंत ते बरोबरच केलंत. पण प्लेटलेट कशाला लिहिल्या? त्याला कुठून रक्त येतंय का?

मामा : अजून नाही. पायावर लाल ठिपके आहेत, बाकी काही नाही. हिरड्या बघितल्या मी.

ताई : मग?

मामा : मग काय? एकोणीस हजार. वीसच्या खाली.

ताई : पण वीसच का?

मामा : का म्हणजे? मिरजेच्या वॉर्डात आम्हाला तेच शिकवलं. वीसच्या खाली गेलं की थांबायचं नाही.

या ‘वीसच का’वर रात्री जेवणं होऊन ताटं वाळली तरी दोघं बोलत होते. मी मधे फारसा पडलो नाही. पण त्या बोलण्यातलं बरंच काही मला इथे लिहून ठेवावंसं वाटतं, कारण तो कागद आज आमच्याकडे, उद्या कुणाच्याही घरात येऊ शकतो.

ताई : हा आकडा ल्युकेमियाच्या लहान मुलांकडून आला, मामा. अमेरिकेत १९५०च्या दशकात ही मुलं रक्तस्रावानंच जायची. उशा, चादरी रक्तानं भिजलेल्या. एमिल फ्रायराइख नावाच्या डॉक्टरांनी ताज्या प्लेटलेट देऊन दाखवलं की हे रक्त थांबवता येतं. केमोथेरपी पुढे जाऊ शकली ती त्यामुळे, कारण औषधानं मज्जा रिकामी झाली तरी मधले दिवस मूल तगवता यायला लागलं. मग १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : आकडा किती खाली गेला की रक्तस्राव किती वाढतो. तो वाढत जातो एवढं दिसलं. पण अमुक आकड्यावर एकदम कडेलोट होतो, असं काही त्यात निघालं नव्हतं. वीस हजारांची रेघ लोकांनी मागाहून ओढली.

मामा : कुठेतरी ओढावीच लागते ना? रात्री अकराला नर्स फोन करते, तेव्हा तिला आलेख दाखवू?

ताई : लागते ओढावी. पण पुढचं ऐका. त्या काळात ताप आला की त्या मुलांना ॲस्पिरिन देत. ॲस्पिरिननं प्लेटलेट निकामी होते, तिच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या मुलांच्या ज्या काही थोड्या प्लेटलेट शिल्लक होत्या, त्यांतल्याही कितीतरी अशा बसवून टाकलेल्या. त्यांच्यावरून आलेली भीती आपण पस्तीस वर्षं सगळ्यांना लावली. शेवटी इटलीतल्या २१ केंद्रांनी मिळून २५५ ल्युकेमियाच्या पेशंटांवर तुलना केली, अर्ध्यांना वीस हजारांची रेघ, अर्ध्यांना दहा हजारांची. १९९७ साली निकाल आला. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच, आणि दहाच्या रेघेला प्लेटलेटच्या पिशव्या एक पंचमांशानं कमी लागल्या.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला त्यांच्या आवडीची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, तरी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायला आवडते.

मामा : संशोधक म्हणजे हॅरिंग्टन. १९५०, सेंट लुईस. एक बाई, प्लेटलेट सारख्या कमी, अंगभर काळेनिळे डाग, कारण कळत नाही. काही म्हणायचे मज्जा काम करत नाही, काही म्हणायचे रक्तातच काहीतरी त्यांना मारतंय. विल्यम हॅरिंग्टन नुकता कुठे शिकून डॉक्टर झालेला. त्यानं त्या बाईचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट दहा हजारांच्या खाली. थंडी वाजून आली, झटका आला. पण त्याची मज्जा तपासली तर तिथे प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी व्यवस्थित! म्हणजे मारेकरी रक्तात होता. हप्त्याभरात गडी उठून बसला. आज ज्याला आम्ही आयटीपी म्हणतो, त्याची चावी त्या एका हातातून मिळाली. त्याच चावीनं आज माझ्या पेशंटला मी चार रुपयांच्या स्टेरॉईडच्या गोळ्या देतो आणि आकडा वर येतो. हे संशोधन! तुमचं संशोधन म्हणजे फॉर्म, सह्या आणि टक्केवारी. दुसऱ्याच्या अंगावर.

ताई : हॅरिंग्टनपुढे मीही हात जोडते. पण आज तसं कुणी करू नये, आणि केलं तरी पुरणार नाही. ‘रक्तात काही आहे का’ याचं उत्तर हो किंवा नाही असतं, ते एका हातात मिळतं. ‘किती द्यायचं, केव्हा द्यायचं’ याचं उत्तर एका माणसात कधीच सापडत नाही. त्याला शेकडो माणसं लागतात, आणि त्यांची समजून-उमजून दिलेली सही लागते. तुम्ही ज्याला फॉर्म म्हणता ना, त्यात त्या माणसाला नाही म्हणायचा हक्क लिहिलेला असतो.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे संशोधन म्हटलं की नवा रोग, नवं औषध, परदेशातली प्रयोगशाळा एवढंच डोळ्यांपुढे येतं. ‘किती पुरे’ हासुद्धा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि सातारा-सांगलीसारख्या भागासाठी तो कदाचित सगळ्यांत मोठा आहे.

ताईनं मग डेंग्यूचंच सांगितलं. सिंगापूर आणि मलेशियात वीस हजार किंवा त्याहून खाली आकडा गेलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढ डेंग्यू रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. निम्म्यांना प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. सात दिवसांत रक्तस्राव झालेल्यांचं प्रमाण दिलेल्यांत २१ टक्के, न दिलेल्यांत २६. हा फरक योगायोगानं पडावा एवढाच. उलट पुरळ, दम लागणं असे त्रास दिलेल्यांत जास्त निघाले. डेंग्यूत खरा घात होतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळण्यानं. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस त्यासाठीच डोळ्यांत तेल घालून बसायचं, सलाईन मोजून द्यायचं. प्लेटलेट आपोआप वर येतात.

मामा : सिंगापूर! अगं, तिथे पेशंटच्या उशाशी मॉनिटर असतो. इथे माझा पेशंट आटपाडीच्या वाडीवरून येतो. रात्री दोनला नाकातून धार लागली तर गाडी बघा, मग रक्तपेढी बघा. तुझ्या चाचणीत ती गाडी धरलीय का?

ताई : नाही धरलेली.

मामा : मग?

ताई : म्हणूनच ही चाचणी सांगली-मिरजेत व्हायला हवी, असं म्हणते मी.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कृष्णाकाठच्या या पट्ट्यात कर्नाटकापर्यंतची माणसं उपचाराला येतात. मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीला भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णा आहे. पेशंट इथे, डॉक्टर इथे, मग प्रश्नही इथलेच विचारले गेले पाहिजेत. यात मी ताईच्या बाजूचा आहे. माझं स्वतःचं कारणही आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांच्या मुलीला ल्युकेमिया झाला. केमोनंतर तिचा आकडा सात हजारांवर गेला, आणि मी साताऱ्याहून मिरजेला प्लेटलेट द्यायला गेलो. ते साध्या रक्तदानासारखं दहा मिनिटांत उरकत नाही. तास-दीड तास हात सरळ ठेवून पडायचं. यंत्र रक्त ओढतं, घुसळतं, प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं परत पाठवतं. परत येणारं रक्त हाताला गार लागतं. थोड्या वेळानं ओठांना मुंग्या येतात, कारण गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं रसायन शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. तिथली नर्स चघळायला गोळी देते. शेवटी तिनं पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवली. हळदीच्या पाण्यासारखा पिवळा द्रव, आणि त्यात रेशमी भोवरे फिरत होते. “भोवरे दिसतात ना? म्हणजे जिवंत आहेत,” ती म्हणाली. ती पिशवी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. वीस ते चोवीस अंशांवर, सतत डुलणाऱ्या तबकात ठेवतात आणि पाच दिवसांत वापरावीच लागते. तिचा खर्च तेव्हा दहा-अकरा हजारांच्या घरात होता.

ही गोष्ट मी त्या रात्री सांगितली, तेव्हा ताईनं सिएटलच्या शेरिल स्लिक्टर यांचं काम सांगितलं. २०१०मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत बाराशेहून अधिक रुग्णांना प्लेटलेटचा कमी, मध्यम आणि जास्त डोस दिला. रक्तस्राव तिन्ही गटांत सारखाच. कमी डोसवाल्यांना जरा जास्त वेळा द्यावं लागलं, पण एकूण प्लेटलेट कमीच लागल्या. म्हणजे माझी ती पिशवी दोन मुलींना पुरली असती.

मामा : हे बघ, चार पैसे वाचतात म्हटलं की मला संशय येतो. गरिबाचं आलं की सगळ्यांना कमीत भागवायचं सुचतं. श्रीमंताला कुणी अर्धी पिशवी देत नाही.

ताई : सोमल आठवतो, मामा?

सोमल म्हणजे आर्सेनिक. ल्युकेमियाचा एक प्रकार आहे, एपीएल, ज्यात प्लेटलेट कोसळतात, रक्त गोठण्याची सगळी घडीच विस्कटते आणि माणूस काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावानं जाऊ शकतो. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात त्यावर आर्सेनिक वापरलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमन चांडी, डॉ. विक्रम मॅथ्यूज यांच्यापुढे प्रश्न होता की महागडी औषधं न परवडणाऱ्या पेशंटचं करायचं काय. १९९८पासून त्यांनी नव्या रुग्णांना नुसतं आर्सेनिक द्यायला सुरुवात केली. पहिल्या ७२ जणांतल्या सुमारे ८६ टक्क्यांचा रोग आटोक्यात आला. पाच वर्षांनी जवळपास तीन चतुर्थांश जिवंत होते. पुढे २०१३ साली इटली-जर्मनीच्या चाचणीत अ-जीवनसत्त्वापासूनचं औषध आणि आर्सेनिक ही जोडी नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरली. आज श्रीमंत देशांतही कमी-मध्यम धोक्याच्या पेशंटला हीच जोडी देतात.

ताई : गरिबासाठी केलेली सोय म्हणून हिणवलं गेलेलं औषध आज सगळ्यांना देतात. पण वेल्लोरच्या लोकांनी नुसतं भागवलं नाही, प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि छापलं. म्हणून ते टिकलं.

मामा : बरं. मग तुझं ते निवोलुमॅब?

मामा वाचतात हे ताई विसरली होती. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या-घशाच्या पसरलेल्या कर्करोगावर निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा दिलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. एका वर्षानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण साध्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, ते त्याच गोळ्यांना या बारीक डोसची जोड दिल्यावर ४३ टक्क्यांवर गेलं. मिश्री आणि गुटख्यानं जबडे खाल्लेल्या आपल्या जिल्ह्यांसाठी ही लहान बातमी नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसनं परळला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना पूर्ण डोसचं नुसतं कोटेशन ऐकून परतावं लागतं.

मामा : पण तुलना कशाशी केली? ते औषध न दिलेल्यांशी. वीस मिलिग्रॅम हे काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच सिद्ध झालं. दोनशे चाळीसच्या बरोबरीचं आहे, हे कुठे सिद्ध झालं?

ताई : नाही झालेलं. त्या चाचणीनं तो प्रश्न विचारलाच नव्हता.

मामा : मग माझ्या पेशंटला मी काय सांगू? तुझ्या वाट्याचं एवढंच?

ताई : खरं ते सांगा. पूर्ण डोस परवडत असेल तर अमुक, नसेल तर याचाही पुरावा आहे. आणि तुम्ही विचारलात तोच प्रश्न चाचणीत घालायला आम्हाला भाग पाडा. दुसरी एक बाजूही सांगते. कमी म्हणजे शून्य नव्हे. केमोच्या पेशंटला आधीपासून प्लेटलेट द्यायच्याच नाहीत, रक्त आलं तरच द्यायच्या, असंही इंग्लंड-ऑस्ट्रेलियात करून बघितलं. २०१३चा निकाल. न दिलेल्यांत रक्तस्राव जास्त झाला, ५० टक्के विरुद्ध ४३. तिथे देणंच बरं. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत उलटं निघालं. पन्नास हजारांच्या खाली गेलं की द्या, या नियमानं २६ टक्के बाळं गेली किंवा त्यांना मोठा रक्तस्राव झाला. पंचवीसच्या रेघेनं १९ टक्के. ६६० बाळं होती त्या अभ्यासात. जास्त दिलं म्हणजे सुरक्षित, हे आपल्या मनानं ठरवलेलं असतं, मामा.

बाळांचं ऐकून मामा उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते समोरच्या जिवाच्या काळजीनं केलं, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून त्यांची ती शांतता मला सोपी वाटली नाही.

आत आल्यावर त्यांनी सांगलीच्या रुग्णालयात फोन लावला. मुलाचा रक्तदाब व्यवस्थित होता, लघवी होत होती, कुठून रक्त नव्हतं. मामा तिथल्या डॉक्टरांना म्हणाले, “प्लेटलेटची घाई करू नका. रक्त आलं तर मात्र क्षणभर थांबू नका.” मग मुलाच्या बापाला फोनवर घेतलं आणि चांगली पंधरा मिनिटं समजावलं. गोल केलेला आकडा बघायचा नाही, पोराची लघवी आणि हातपाय गार पडतात का ते बघायचं. बाप तीनदा तेच विचारत होता, मामा तीनदा तेच सांगत होते.

मामा (फोन ठेवून) : ही पंधरा मिनिटं तुझ्या कुठल्या चाचणीत असतात गं?

ताईकडे उत्तर नव्हतं.

चौथ्या दिवशी मुलगा घरी आला, आकडा ऐंशी हजारांवर. मी आनंदानं मामांना फोन केला तर ते म्हणाले, “एक पोरगा बरा झाला म्हणजे पुरावा झाला असं नाही. तिचंच वाक्य आहे.” त्या आठवड्यापासून मात्र त्यांच्या टेबलावर एक वही आली आहे. डेंग्यूचा प्रत्येक पेशंट, सगळ्यांत खाली गेलेला आकडा, रक्तस्राव झाला का, प्लेटलेट दिल्या का. ताईनं रकाने आखून दिले आहेत.

माझं मत सांगतो. वीस हजारांच्या भीतीनं, रक्त येत नसलेल्या डेंग्यूच्या पेशंटला चढवलेली पिशवी बहुतेक वेळा वाया जाते, आणि त्याच आठवड्यात मिरजेला किंवा कराडला केमोवर असलेल्या एखाद्या मुलीला ती हवी असते. म्हणून घरात डेंग्यू निघाला तर डॉक्टरांना आधी विचारा : रक्त येतंय का, रक्तदाब कसा आहे? आणि अंगात ताकद असेल तर जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेटदाता म्हणून नाव नोंदवून ठेवा. वजन पन्नास किलोच्या वर हवं, शिरा ठळक हव्यात, आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी.